हद्दीवरची आगटी

मल्लू,

तुमच्यात अग्नी देत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुझ्या आज्याला नेलं तेव्हा आपण दोघं शाळा बुडवून मागनं चालत गेलो होतो. माणसाला बसवून पुरतात हे पहिल्यांदा बघितलं आणि पुढं कितीतरी दिवस मी मांडी घालून बसायला घाबरत होतो. त्यावरनं तू मला चिडवायचास. पंधरा दिवसांपूर्वी तुलाही तसंच बसवलं. मांडी घातलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात बेलाची माळ. खड्ड्याच्या कडेला उभं राहून मी बघत होतो आणि मनात आलं, हा अगदी आगटीपुढं बसायचा तसाच बसलाय. फक्त पुढं आग नाही. थंडी पडली की ज्याला विस्तवाशिवाय करमत नव्हतं, तो माणूस तसाच गार मातीत बसला. मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

माती लोटून झाल्यावर लोक तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. मेलेल्या माणसाबद्दल तसंच बोलतात. मल्लिकार्जुन म्हणजे सरळ माणूस, शब्दाचा पक्का, पेठेत असा गूळवाला होणे नाही. मी हात धुवत ऐकत होतो. शब्दाचा पक्का होतास ना? मग माझ्या वाटणीचा एक शब्द तुझ्याकडं राहिला होता, त्याचं काय केलंस? एकच वाक्य बोलायचं होतं तुला, तेही परक्यापुढं नाही, स्वतःच्या आईपुढं. त्यासाठी वर्षंच्या वर्षं मिळाली. तू ती दुकानात गुळाच्या ढेपा टिचक्या मारून बघण्यात घालवलीस.

आपण गडमुडशिंगीच्या रस्त्याला शेजारी शेजारी प्लॉट घेतले ती नव्वदीची सुरुवात होती. भोवती नुसता ऊस. पेठेतल्या बोळात भिंतीला भिंत लागून वाढलेली आपली घरं, तिथून एवढ्या मोकळ्यावर आलो तर पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांचे दात वाजायला लागले. मी फौंड्रीतनं घामेजून घरी यायचो आणि मागच्या दारी पाय धुताना कुडकुडायचो. तू एक दिवस म्हणालास, आगटी करूया. खणलेली, दगडं लावलेली, कायमची. संध्याकाळी दोन्ही घरं गोल बसतील.

कुणाच्या अंगणात करायची यावर आपण अख्खा रविवार घालवला. मी म्हणायचो तुझ्याकडं कर, तू म्हणायचास तुझ्याकडं कर. दोघंही भलतेच चांगले, कुणालाच आगटी आपल्याकडं ओढून घ्यायची नव्हती. तुझी आई, म्हणजे आपली अव्वा, पायरीवर बसून शेंगा फोडत हे ऐकत होती. ती म्हणाली, असंच चाललं तर उन्हाळा येईल. तेव्हा तू उठलास, हद्दीच्या दगडापाशी गेलास आणि त्याच्या ओळीत, बरोबर हद्दीवर खुंटी ठोकलीस.

“हितंच घालू. निम्मी तुझी, निम्मी माझी. भांडाण न्हाई, तंटा न्हाई.”

शहाण्या माणसानं अशी जागा निवडली नसती. आपण मात्र एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. खुंटीला सुतळी बांधून गोल फिरवली, त्यावर पांढरी फक्की टाकली आणि खणायला लागलो. वरची काळी माती लोण्यासारखी निघाली, खाली मुरूम लागला तसा तुझा हात दुखायला लागला आणि उरलेलं मी खणलं. गुडघ्याला जरा कमी एवढा खड्डा. पाणी साचू नये म्हणून तळाला खडी आणि मुरूम. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग दगड. तुला गोल गुळगुळीत दगड पाहिजे होते, शोभेला. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या ओढ्यातनं आपण टेम्पो भरून आणले, ओलेच रचले आणि त्याच संध्याकाळी पेटवली. अव्वानं हळद-कुंकू वाहिलं. जरा वेळानं एक दगड बंदुकीसारखा फुटला. मग दुसरा. तू चप्पल सोडून पळालास ते थेट तुमच्या संडासाच्या मागं. अव्वा पदर तोंडाला लावून हसत होती, हसता हसता तिला उचकी लागली. ओढ्यातला दगड पाणी पिऊन बसलेला असतो, त्याला एकदम विस्तव सोसत नाही, हे फौंड्रीत काम करणाऱ्या मला सुचायला पाहिजे होतं असं तू वर मलाच ऐकवलंस. दुसऱ्या दिवशी तुझ्या घराच्या पायाच्या कामातले उरलेले काळे दगड घेतले, दोन थर लावले, सांधे सिमेंटनं न भरता मातीनं लिंपले. ती आगटी टिकली.

आणि तिचं तोंड. त्यावरनं आपण जे भांडलो, ते आजवर मिटलेलं नाही. तू गुळाचा माणूस, तुझ्या डोक्यात गुऱ्हाळाचं चुलवाण. त्याला जाळ सारायला तोंड असतं, म्हणून आगटीलाही एका बाजूला दगड काढून तोंड ठेवायचं. मी सांगत होतो की हे गुऱ्हाळ नव्हे, वर रसाची काहील नाही, वारं तोंडातनं घुसेल आणि राख सगळ्यांच्या अंगावर. रिंगण बंद पाहिजे, वरनं मिळते तेवढी हवा बास. तू ऐकलं नाहीस. तुझ्या बाजूला तोंड ठेवलंस. पहिल्याच आठवड्यात वैनींच्या भाकरीवर राख बसली तरी तू म्हणालास, दिशा चुकली, तोंड बरोबर आहे. गंमत म्हणजे धूर सगळा तुझ्याकडंच जायचा. डोळे चोळत तू उठायचास आणि हद्द ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसायचास. जरा वेळानं वारं फिरलं की आपण दोघं मिळून पलीकडं जायचो. बसलेल्या जागी आपण कधी टिकलो नाही.

त्या आगटीत आपण काय काय भाजलं. हुरडा, मक्याची कणसं, वांगी, रताळी, ओल्या शेंगा. अव्वा खर्डा करायची आणि पहिला घास मला द्यायची. फौंड्रीतनं यायला मला उशीर झाला तर माझ्या वाटणीचं झाकून ठेवायची. “आनंदा, बा, कूड,” म्हणायची, म्हणजे ये, बैस. तिचं अर्धं कानडी मला तुझ्यापेक्षा चांगलं कळायचं. माझी आई मला मिसरूड फुटायच्या आधीच गेलेली. अव्वा मला कोण होती हे तुला सांगायची गरज नव्हती. नियम तिचा एकच होता.

“इस्तू देव हाय बाळांनू. त्याच्या तोंडात काय घालताय ते बघून घाला.”

म्हणजे आगटीवर मटण-मासळी चढणार नाही. आमच्या घरात रविवारी तांबडा रस्सा व्हायचा तो आत, गॅसवर, खिडकी लावून. मंगलनं, माझ्या बायकोनं, हे कधी मोडलं नाही. आणि तू? तू त्या लावलेल्या खिडकीवर टिचकी मारायचास. वाटी पुढं करायचास. रस्सा तुला आमच्यापेक्षा जास्त आवडायचा, मल्लू. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानं खायचास, वरनं इलायची चघळायचास आणि निघून जायचास. मी कधी कुणाला सांगितलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या पोटाचं बघावं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

त्या संध्याकाळी अव्वा भावाकडं निपाणीला गेली होती. वैनी पोरांना घेऊन माहेरी. तू दुकानातनं लवकर आलास आणि म्हणालास, “अव्वा उद्या येणार. आण की काळीज, हितंच भाजू.” मी म्हटलं, आत खाऊया, आगटीवर नको. तू म्हणालास, निम्मी आगटी तुझी आहे ना, तुझ्या निम्म्यात भाजू. ऐकायला चांगलं वाटलं आणि मी हसलो. छत्रीच्या काड्यांना काळजाचे तुकडे लावून आपण बसलो. चूक दोघांची होती, ते मी कधी नाकारलं नाही.

भावजयीशी काहीतरी बिनसलं म्हणून अव्वा एक दिवस आधीच परत आली. मागच्या पायवाटेनं, हातात पिशवी. तिच्या चपलांचा आवाज तुला माझ्या आधी ऐकू आला. तुझ्या हातातली काडी माझ्या हातात आली. कशी आली ते मला कळलंसुद्धा नाही. अव्वानं आगटीकडं बघितलं, मग आपल्या दोघांकडं, आणि हळू आवाजात विचारलं, हे कुणी केलं. मी तुझ्याकडं बघितलं. तू जमिनीकडं बघत म्हणालास,

“आनंदानं आणलं. मी नगं नगं म्हणत हुतो.”

मी बोलू शकलो असतो. माझ्या दोन्ही हातांत काड्या होत्या आणि तुझ्या ओठाला तेल लागलेलं होतं. पण तू म्हणशील, आत्ता म्हणशील, असं मला वाटत राहिलं. अव्वा हौदापाशी गेली, घागर भरून आणली आणि आगटीत ओतली. तुझ्या बाजूचा एक तापलेला दगड टचकन चिरला. वाफ निवल्यावर ती मला एवढंच म्हणाली, “तुला मी पोटचा समजत हुते रे.” आणि आत गेली. त्यानंतर तिनं मला कधी ‘बा, कूड’ म्हटलं नाही.

तू मागनं येऊन माझ्या कानाशी कुजबुजलास, उद्या सांगतो तिला, आत्ता राग आलाय. मी मान हलवली. उद्या काही आलं नाही. आला तो गवंडी. अव्वा म्हणते भिंत पाहिजे, असं तू मला दारात उभ्यानं सांगितलंस, जणू शिधापत्रिकेचं काहीतरी काम असावं. ज्या जागी तू खुंटी ठोकली होतीस त्याच जागी त्यानं दोरी धरली. आगटीच्या बरोबर मधोमध. पाया खणताना मधले दगड निघाले ते त्यानं दोन्हीकडं सारखे वाटून ठेवले, तो बिचारा न्यायानं वागला. छातीएवढी भिंत झाली. माझ्याकडं अर्धं रिंगण राहिलं, तुझ्याकडं अर्धं.

मला खरं सांगू? मांसावरनं भिंत झाली याचं मला दुःख नव्हतं. अव्वाचा राग मला समजत होता. माझं दुःख एवढंच होतं की तिला चुकीच्या माणसाचा राग आला होता आणि ते तुला माहीत होतं. एकदा फौंड्रीच्या गेटवर तू स्कूटर थांबवलीस. अव्वा अंथरुणाला खिळली होती तेव्हा. म्हणालास, “सांगतो रे तिला. जरा तब्बेत सुधारू दे.” मी म्हटलं, मला घेऊन चल, मी बसतो तिच्यापाशी, बोलू नकोस काही. तू किक मारलीस. तिची तब्येत सुधारली नाही. तिच्या मातीला मी आलो, सगळ्यांत मागं उभा राहिलो, मूठभर माती टाकली. तू मला बघितलंस आणि मान खाली घातलीस.

एक गोष्ट मात्र मला विसरता येत नाही आणि त्याचाच जास्त त्रास होतो. भिंत व्हायच्या कितीतरी आधी फौंड्रीत माझ्या हातांवर लोखंडाचा तापलेला रस उडाला होता. मी दवाखान्यात पडून, दोन्ही हातांना पट्ट्या. तू रोज दुकान बंद करून यायचास, अव्वानं दिलेली आंबील घेऊन, आणि मला चमच्यानं भरवायचास. मिशीला लागलं की पुसायचास. नर्स विचारायची, तुमचे भाऊ काय? तू म्हणायचास, व्हय. मनात आणलं असतंस तर तू असा माणूस होतास. नुसताच भित्रा असतास तर मी तुला कधीच सोडून दिलं असतं.

माझ्या अर्ध्या आगटीत मी एक-दोन हिवाळे जाळ केला. भिंतीला काजळी धरली, विस्तव नीट धरेना, पोरं कंटाळून टीव्हीपुढं गेली. मग बंद केली. पण दगड हलवले नाहीत. दर दिवाळीला मंगल म्हणायची, ते काढा, तिथं तुळस लावू. मी म्हणायचो, राहू दे. माझी समजूत होती की भिंतीपलीकडं तुझंही अर्धं तसंच आहे, तिकडचा धूर त्यातलाच आहे. कुणीतरी एक दिवस ही भिंत पाडेल आणि रिंगण आपोआप पुरं होईल. डोकावून बघितलं असतं तर दिसलं असतं. पण डोकावणार कोण.

तुझ्या मातीनंतर वैनींनी मला बोलावलं. इतक्या वर्षांनी तुमच्या मागच्या दारी मी पाय ठेवला. त्यांना तिथं पोराच्या गाडीसाठी शेड करायचंय, म्हणून म्हणाल्या, तुमचे दगड असतील तर न्या. मी भिंतीपाशी बघितलं. तिथं काही नव्हतं. जरा अलीकडं, पेरूच्या झाडाखाली, एक लहानसं रिंगण होतं. तुझ्या वाट्याचे तेवढेच दगड घेऊन तू पुरा गोल केला होतास. परातीएवढा, एकाच माणसापुरता. एकच फरशी, बसायला. चिरलेला दगडही त्यात होता. अर्ध्या दगडांचा लहान गोल होतो, एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नाही. मी अर्धं जपत बसलो आणि तू तुझं पुरं करून घेतलंस.

आणि त्या गोलाला तोंड नव्हतं. मी चारी बाजूंनी वाकून बघितलं. सगळे सांधे बंद. म्हणजे माझंच बरोबर होतं, आणि तुला ते पटलं होतं. मला हसू आलं, मल्लू. वैनींपुढं, दुखवट्याच्या घरात, मी मोठ्यानं हसलो. तुझ्याशी भांडायला तू पाहिजे होतास.

वैनींनी मला बसायला सांगितलं. तुझ्याच फरशीवर. मी म्हटलं, वैनी, अव्वाला शेवटपर्यंत खरं कळलं नाही, तेवढंच मनाला लागून राहिलंय. त्यांनी माझ्याकडं नवलानं बघितलं.

“भावजी, अव्वास्नी म्हाईत नव्हतं व्हय? ह्यांच्या तोंडाचा वास आला नसंल त्यास्नी? पर पोटच्याला घराभाईर काढता येतंय काय? मग तुमास्नी काढलं.”

ज्या गोष्टीपायी मी इतकी वर्षं तोंड शिवून बसलो, ती तुझ्या घरात सगळ्यांना माहीत होती. वैनी पदरानं हात पुसत राहिल्या. मग त्यांनी उरलेलं सांगितलं. शेवटच्या दुखण्यात अव्वा तुला म्हणाली होती, “आनंदाला बोलीव.” तू उठलास. मागच्या दारानं भिंतीपर्यंत आलास. तिथं बराच वेळ उभा राहिलास आणि माघारी गेलास. अव्वाला सांगितलंस, तो घरात नाही.

मी घरात होतो, मल्लू. असणारच. त्या हिवाळ्यात मला कुठं जावंसं वाटत नव्हतं, तुमच्या घरात दिवा रात्रभर चालू दिसायचा म्हणून. भिंत छातीएवढी आहे. तिच्यावरनं नुसतं ‘आनंदा’ म्हणायचं होतं. तिला मला काय सांगायचं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आधीचं सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. तू भ्यालास, तोंडातनं निघून गेलं, पुढं सुधारायचं राहिलं, माणूस आहे, होतं असं. पण हे तू भिंतीपाशी उभं राहून, विचार करून केलंस. आणि मग पेरूखाली एकटा जाळ करून बसलास. आगटीचं तोंड बंद केलंस, तिथं माझं ऐकलंस. ते कबूल करायला तुला दगड चालले. दुसरं कबूल करायला दगड चालत नाहीत, तोंड उघडावं लागतं.

दगड मी आणले. तुझ्या पोरानं भिंतीवरनं एकेक दिला, मी एकेक घेतला. चिरलेला देताना म्हणाला, काका, हा टाकून देऊ काय? मी म्हटलं, दे. भिंतीला लागून पुरं रिंगण होत नाही, म्हणून अंगणाच्या मधोमध नवा खड्डा घेतला. ह्या वेळी सगळा मीच खणला. सगळे दगड बरोबर बसले. तोंड ठेवलं नाही. तुझ्यासाठी ठेवावं असं क्षणभर मनात आलं होतं, मग म्हटलं, का म्हणून?

काल संध्याकाळी पेटवली. तुरकाट्या वाळलेल्या होत्या, पटकन धरलं. मंगल जरा वेळ बसली आणि भाकरी टाकायला आत गेली. मग वारं फिरलं आणि धूर सरळ माझ्या तोंडावर आला. पलीकडची सगळी बाजू मोकळी होती. मी उठलो नाही.